पोट आधी, दंडुका नंतर

काठीला लटकवलेली मेलेली माकडीण आणि तिच्या छातीला बिलगून दूध शोधणारे पिल्लू. गडचिरोलीतील भामरागडच्या जंगलात माडिया आदिवासी शिकाऱ्यांच्या खांद्यावर हे दृश्य पाहून डॉ. प्रकाश आमटे यांनी ते पिल्लू मागून घेतले आणि हेमलकशाचे प्राण्यांचे अनाथालय सुरू झाले. १९७३मध्ये तिथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पातील या अनाथालयात पुढे बिबटे, अस्वले, मगरीही वाढल्या. १९७२च्या वन्यजीव कायद्याचा बडगा न दाखवता आमटे यांनी सौदा केला: पिल्लू जिवंत आणा, बदल्यात धान्य न्या. शिकारीमागची भूक त्यांनी ओळखली होती. शेजारी दवाखाना आणि शाळाही उभी राहिली.

आज चंद्रपूर-गडचिरोलीत धोक्याचे रूप बदलले आहे. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेला वाघही चिकटतो. आई गेली की बछडे पोरके होतात आणि माणसाच्या हातावर वाढलेले पिल्लू सहसा रानात परतत नाही. म्हणून अनाथालये भरणे ही शाबासकीची बाब नव्हे. तार लावणाऱ्यावर गुन्हा जरूर नोंदवा. पण त्याआधी उद्ध्वस्त पिकाची भरपाई वेळेत त्याच्या हाती पडू द्या. आधी पोट, मग कायदा, हेच हेमलकशाने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवले.