दहा वाजताची गर्दी आणि पापनाशमचे कोठार

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम लागते. तिरुनेलवेलीकडेही याच नावाचे एक गाव आहे. हे ते नव्हे. कर्नाटक संगीताच्या रसिकांना हे नाव पापनाशम शिवन यांच्यामुळे परिचित असते. परंतु प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला तेथे थांबावेसे वाटते ते एका धान्यकोठारासाठी. गावाला लागूनच असलेल्या तिरुप्पालैत्तुरै येथील शिवमंदिरात विटांचे एक प्रचंड गोलाकार कोठार उभे आहे. ते नायक राजवटीत, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे एकोजीराजांनी तंजावर घेण्यापूर्वी बांधले गेले.

या कोठारामागचा विचार साधा आहे. भात शेतातून घरी येते ते वर्षातील ठरावीक आठवड्यांत. पोट मात्र रोज भरावे लागते. सुगी केव्हा येणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याने कोठार सुगीच्या आधी बांधावे आणि ते सुगीच्या मापाचे बांधावे. कावेरीच्या पाण्याचेही तसेच. मेट्टूर धरणातून कुरुवै हंगामासाठी पाणी सोडण्याची १२ जून ही रूढ तारीख आहे आणि मुखाकडील कालव्यांची कामे त्यापूर्वी उरकावी लागतात. ज्या भाराची वेळ ठाऊक आहे, त्याला संकट म्हणत नाहीत. त्याला वेळापत्रक म्हणतात.

आता याच पापनाशमहून चेन्नईला तातडीने जाऊ इच्छिणाऱ्या माणसाचा विचार करू. घरापासून दूर राहणाऱ्या आपणा सर्वांना हा प्रसंग परिचित आहे. गावाहून फोन येतो, वडील अत्यवस्थ आहेत. दुसऱ्या दिवशीच्या गाडीचे तत्काळ तिकीट हवे असते. १५ जून २०१५ पासून वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांचे ११ वाजता सुरू होते. देशभरातील लक्षावधी माणसे त्या मिनिटाकडे डोळे लावून बसलेली असतात. पडद्यावर चक्र फिरत राहते आणि ते थांबते तेव्हा प्रतीक्षा यादी सुरू झालेली असते.

ही गर्दी रोज, त्याच मिनिटाला होते. संगणकशास्त्रात तिच्यावर उपायही आहे. क्लाउड सर्व्हरची क्षमता दोन प्रकारे वाढवता येते. एक, भार वाढल्याचे दिसल्यावर नवी यंत्रे जोडणे. दुसरे, घड्याळ पाहून ती आधीच जोडून ठेवणे. पहिला प्रकार तत्काळच्या गर्दीला निरुपयोगी आहे, कारण नवे यंत्र सुरू होऊन काम घेऊ लागेपर्यंत काही मिनिटे जातात आणि तेवढ्यात जागा संपलेल्या असतात. दुसरा प्रकार स्वस्तही पडतो. समजा, एरवी १० यंत्रे पुरतात आणि गर्दीच्या दोन तासांत १०० लागतात. शंभर यंत्रे दिवसभर चालवली तर २४०० यंत्र-तास होतात. वेळापत्रकानुसार चालवली तर ४२० होतात, म्हणजे खर्च सुमारे सहाव्या हिश्श्यावर येतो. भाड्याच्या यंत्रांचा खरा लाभ हाच आहे.

पूर्वसूचनेचे मोल काय असते, हे आपल्या वीज-व्यवस्थेने एकदा उत्तम रीतीने दाखवून दिले आहे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशाने ९ मिनिटे दिवे मालवले, तेव्हा विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने कोसळली. तरीही जाळे कोलमडले नाही. वेळ आधी ठाऊक होती, म्हणून जलविद्युत केंद्रांचे उत्पादन आधीच वाढवून ठेवले होते आणि ठरल्या क्षणी ते झपाट्याने उतरवले गेले. ते काम करणारे अधिकारी आपल्याच शासनयंत्रणेतील होते. तेव्हा हे आपल्याला जमत नाही असे कोणी म्हणू नये.

मग इतरत्र ते का होत नाही? माझ्या सेवाकाळात एका विभागाचे ऑनलाइन अर्ज दर वर्षी शेवटच्या दिवशी बंद पडत. दर वर्षी मुदतवाढ द्यावी लागे आणि दर वर्षी टिपणीत एकच वाक्य असे : ‘अनपेक्षित भारामुळे प्रणाली संथ झाली.’ तिसऱ्या वर्षी मी समासात लिहिले, ‘अनपेक्षित कसा?’ उत्तर आले नाही, फाइल मात्र मंजूर होऊन आली. दोष केवळ तंत्रज्ञांचा नव्हता. आम्ही निविदेत दिवसाला किती अर्ज येतील हे लिहिले होते. शेवटच्या तासात दर मिनिटाला किती येतील हे लिहिलेच नव्हते. जे मागितले नाही, ते ठेकेदार कशाला देईल?

येथवर बहुतेक वाचक सहमत होतील. पुढचा मुद्दा थोडा अप्रिय आहे. रेल्वेची क्षमता वाढलेली नाही असे नाही. २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे आरक्षित झाली, हा तोवरचा उच्चांक होता. तरीही सामान्य प्रवाशाचा अनुभव फारसा का पालटत नाही? कारण सर्व्हर वाढवल्याने गाडीतील शायिका वाढत नाहीत. यंत्रणा दुप्पट वेगवान झाली तर शंभर जागा दोन मिनिटांऐवजी एका मिनिटात संपतील, एवढेच. शिवाय कितीही यंत्रे जोडली तरी एक शायिका एकालाच द्यायची असते. त्या नोंदीपाशी सर्वांना ओळीनेच यावे लागते. तत्काळ खुले झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसांचे नसून स्वयंचलित प्रणालींचे असतात, असे रेल्वेनेच २०२५ मध्ये सांगितले आणि सुमारे अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केली. शर्यत वेगाची असेल तर ती यंत्रच जिंकणार, यात नवल ते काय?

माझ्या मते मूळ प्रश्न येथे आहे. दहा वाजताची गर्दी ही सुगीसारखी निसर्गाने आणलेली नाही. ती नियमाने निर्माण केलेली आहे. ‘जो प्रथम येईल त्याला प्रथम’ हा नियम खिडकीपुढे उभ्या असलेल्या रांगेत न्याय्य वाटतो, कारण तेथे लवकर येण्यासाठी माणसाने पहाटेची झोप मोडलेली असते. मिनिटाच्या साठाव्या भागावर निकाल लागतो, तेथे तोच नियम गरज मोजत नाही, कष्टही मोजत नाही. तो इंटरनेटचा वेग मोजतो. पापनाशमसारख्या गावातला, साधा फोन वापरणारा मजूर त्यात कोठे बसतो?

कावेरीच्या खोऱ्यात पाणी अपुरे पडले की केवळ दरवाजे मोठे करून भागत नाही. पाळी लावतात, तिला तेथे ‘मुरै’ म्हणतात. आपल्याकडेही म्हाडाच्या घरांची सोडत निघते, शिक्षणहक्क कायद्याखालील २५ टक्के प्रवेशही सोडतीने होतात. तत्काळचा निदान काही हिस्सा याच रीतीने द्यावा. १० ते १०.१५ या वेळेत केव्हाही मागणी नोंदवावी, आधी आलेल्यास अधिक लाभ नसावा, आणि सव्वादहाला सोडत काढावी. पहिल्या सेकंदाला महत्त्व उरले नाही की पहिल्या सेकंदाची गर्दीही ओसरेल. जो भार पेलण्यासाठी शेकडो यंत्रे भाड्याने घ्यावी लागतात, तो नियमातील एका वाक्याने पसरवता येईल.

यावर आक्षेप येईल की दलाल हजारो मागण्या नोंदवतील. पूर्वी हा आक्षेप निरुत्तर करणारा होता. परंतु जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार-पडताळणी आवश्यक झाली आहे आणि अधिकृत एजंटांना पहिला अर्धा तास वर्ज्य केला आहे. एका व्यक्तीची एकच मागणी हे बंधन आता पाळता येण्यासारखे आहे. दुसरा आक्षेप असा की सोडतीत गरजवंतालाही नकार मिळेल. मिळेल खरे, आजही मिळतोच. पण त्याला निदान सव्वादहाला निश्चित उत्तर मिळेल आणि बसस्थानक गाठायला दिवस हाताशी राहील.

तेव्हा प्रशासकाने अशा प्रत्येक गर्दीपुढे तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. ही गर्दी आपल्याच नियमाने झाली आहे काय? असल्यास नियम बदलता येईल काय? आणि त्यानंतरही जी उरेल, तिच्यासाठी घड्याळ पाहून आधीच तयारी केली आहे काय? आज आपण तिसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतो आणि बहुधा तेथेच अडकतो. पहिले दोन विचारायला ना निविदा लागते, ना सर्व्हर. ज्या माणसाचे वडील अत्यवस्थ आहेत, त्याला ते कोणीतरी विचारावेत एवढीच अपेक्षा करण्याचा हक्क आहे.