कोयता कठीण हवा की चिवट?

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



बेणे, लागण, खत, पाणी यांवर आम्ही शेतकी खात्याची माणसे या अंकातून नेहमीच लिहितो. लोखंडावर आमच्यापैकी कोणी लिहीत नाही. यंदा लिहायचे ठरवले, कारण तुटून गेलेल्या फडातून फिरताना उभे राहिलेले बुडखे दिसले की मुकादमाचा राग येण्याआधी मला कोयता आठवतो.

ऊस जमिनीलगत तुटला पाहिजे, यावर आपले कुणाचे दुमत नाही. पक्व उसात शेंड्यापेक्षा बुडाकडे साखर जास्त. शिवाय बुडखा वर राहिला तर खोडव्याचे कोंब वरच्या डोळ्यांतून फुटतात आणि त्यांची मुळे जमिनीत नीट धरत नाहीत. दोन इंच बुडखा राहिल्याने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांसाठी हिशेब मांडतो. एकरी ४० हजार ऊस, जाडी ३ सेंटिमीटर, राहिलेला तुकडा ५ सेंटिमीटर. एका तुकड्याचे वजन ३५ ग्रॅमच्या आसपास भरते. चाळीस हजारांनी गुणा, १४०० किलो होतात. एवढा ऊस खत-पाणी खाऊन वजनकाट्यावर न येताच रानात राहिला.

मग टोळी खाली का तोडत नाही? वाकायचा कंटाळा, असे आपण म्हणून मोकळे होतो. वाकणे कष्टाचे आहेच, अर्धा दिवस वाकून पाहावे म्हणजे कळेल. पण दुसरेही कारण आहे. जमिनीलगत घाव घातला की कोयता मातीत, मुरमात, कधी गोट्यावर जातो. कोयता मजुराच्या स्वतःच्या पैशाचा, मजुरी टनावर. धारेचा टवका उडाला तर कानस घेऊन बसण्यात त्याचा वेळ जातो आणि तेवढी मोळी कमी होते. म्हणून त्याचा हात आपोआप दोन इंच वर राहतो. आपल्या खोडव्याचे नुकसान अशा रीतीने लोहाराच्या भट्टीपाशी सुरू होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीड, जालन्याकडून येणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. ज्या हत्याराच्या नावाने माणसे मोजली जातात, ते हत्यार कशाचे केले आहे याची चौकशी मात्र आपण करत नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. बाजारात कोयता किंवा रोटाव्हेटरचे पाते घेताना आपण विचारतो, "कडक आहे ना?" दुकानदार म्हणतो, "एकदम कडक!" आणि सौदा होतो. यात दोन वेगळ्या गुणांची गल्लत आहे. कठीणपणा म्हणजे ओरखडा न पडणे, धार न झिजणे. चिवटपणा म्हणजे घाव बसल्यावर न तुटणे. काच कठीण आहे, पण चिवट नाही. तांब्याची तार चिवट आहे, पण कठीण नाही. आपल्याला दोन्ही हवे असते आणि पोलादाच्या बाबतीत अडचण अशी, की एक वाढवले की बहुधा दुसरे कमी होते.

हे ठरते दोन गोष्टींवर. पहिली गोष्ट कार्बनचे प्रमाण. बांधकामाचे साधे लोखंड घ्या, त्यात कार्बन शेकडा पाव भागाच्या आत असतो. ते वाकेल पण तुटणार नाही, आणि कितीही पाणी पाजले तरी धार धरणार नाही. कार्बन शेकडा अर्ध्या-पाऊण भागाकडे गेला की पाणी चढते आणि धार टिकते. त्याहून जास्त वाढला की कठीणपणा मिळतो, पण ठिसूळपणाही येतो. आपल्याकडचे लोहार ट्रकच्या कमानीचा पाटा वापरतात, ती निवड शहाणपणाची आहे. पाट्याच्या पोलादात कार्बन शेकडा अर्ध्या भागाच्या जरा वर असतो आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असते. लाख खड्डे खाऊनही न तुटण्यासाठीच ते बनवलेले असते.

दुसरी गोष्ट तावाची, आणि खरे बिघडते ते इथे. पाटा लाल तापवून एकदम थंड केला की पोलाद अतिशय कठीण होते, पण त्याच वेळी काचेसारखे ठिसूळही होते. काम इथेच थांबले तर तो कोयता पहिल्या गोट्याला तुटेल. म्हणून त्याला पुन्हा हलका ताव द्यावा लागतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर रंग चढताना दिसतात. सुमारे २३० अंशाला फिका पिवळा, मग तपकिरी, २८० च्या सुमारास जांभळा आणि ३०० अंशाला निळा. पिवळ्यावर थांबले तर धार फार कठीण राहते, वस्तऱ्याला ती चालेल. कोयत्याला जांभळ्यापासून निळ्यापर्यंत जाऊ द्यावे, थोडा कठीणपणा सोडावा आणि चिवटपणा घ्यावा. जुने लोहार पाठीकडून ताव देतात. त्यामुळे पाठ नरम राहते आणि धार कठीण. घाव पाठ सोसते, तोडायचे काम धार करते. घाईच्या दिवसांत हा दुसरा ताव सर्रास टाळला जातो, कारण गिऱ्हाईकाने "कडक" मागितलेले असते आणि न उतरवलेला कोयता दुकानात कडकच लागतो!

आणखी दोन चुका नेहमी दिसतात. पाटा पांढरा पडेपर्यंत भट्टीत ठेवला तर आतले कण मोठे होतात. असा कोयता तुटला की तुटलेल्या जागी जाड साखरेसारखे दाणे चमकतात. नीट ताव दिलेल्या पोलादाची मोड बारीक, राखाडी, मऊ दिसते. दुसरी चूक पाण्याची. पाट्याच्या पोलादाला तेलात थंड करावे. थंडगार पाण्यात बुडवले तर न दिसणाऱ्या चिरा पडतात. तेल महाग वाटते म्हणून पाण्याचा हौद वापरला जातो. आणि पाटा तुटका असेल तर तुटलेल्या जागेजवळचा व मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा घेऊ नये. वर्षानुवर्षे हिसके खाऊन तिथे केसासारख्या भेगा पडलेल्या असू शकतात.

कोणी म्हणेल, मग सगळ्यात भारी पोलादच का घेऊ नये? त्यासाठी मँगनीज पोलादाचे उदाहरण पुरे. १८८२ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे रॉबर्ट हॅडफील्ड यांनी हे पोलाद शोधले. त्यात सुमारे १२ टक्के मँगनीज असते. खडी फोडण्याच्या यंत्राच्या जबड्याला आणि रेल्वेच्या सांध्यांना ते वापरतात. त्याची गंमत अशी, की मुळात ते फारसे कठीण नसते, घाव बसत गेले की वरचा थर कठीण होत जातो आणि आतला गाभा चिवट राहतो. दगडाला अगदी योग्य! पण ऊस मऊ आहे. त्यावर वार करून हे पोलाद कधी कठीण होणार नाही आणि धारही धरणार नाही. भंगारात मिळाले म्हणून त्याचा कोयता करू नये. शिवाय त्याला लोहचुंबक लागत नाही, म्हणजे त्याचा तुकडा उसातून गव्हाणीत आला तर आपला चुंबकही तो पकडणार नाही.

तुकड्यांची ही गोष्ट सभासदांनी हलकी घेऊ नये. कोयत्याचा टवका असो की ट्रॉलीचा बोल्ट, तो चुकून पुढे गेला तर उसाचे तुकडे करणाऱ्या सुऱ्या, फायबरायझरचे हातोडे आणि शेवटी मिलच्या रोलरचे दाते त्याच्या तावडीत सापडतात. रोलरचे कवच बिडाचे असते, उसाला पकड मिळावी म्हणून. बीड ठिसूळ. दाते उडाले की मिल थांबते आणि यार्डात उभ्या गाड्यांतला ऊस वाळतो. तो ऊस आपलाच.

आमच्या वर्कशॉपमधील मंडळी हातोडे कसे तयार करतात ते एकदा येऊन पाहावे. अंग चिवट पोलादाचे आणि फक्त टोकावर वेल्डिंगने अतिकठीण थर. त्या थराला बारीक चिरा पडतात, पण आतल्या चिवट अंगापाशी येऊन त्या थांबतात. सगळा हातोडाच कठीण केला असता तर चीर आरपार गेली असती.

रोटाव्हेटरच्या पात्यांना हाच न्याय. नदीकाठच्या बिनगोट्याच्या वाळूसर जमिनीत झीज फार, तिथे जास्त कठीण पाते परवडते. माळाच्या मुरमाड रानात तेच पाते बोल्टपाशी तुटेल. तिथे थोडे लवकर झिजणारे पण चिवट पाते घ्यावे. शेजाऱ्याने कोणते घेतले हे पाहण्याआधी त्याचे रान कोणते ते पाहावे. पात्याची परीक्षा नव्या कानशीने होते. कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर पाते फार कठीण, सहज खाल्ले तर नरम, आणि जोर लावल्यावर थोडे खाल्ले तर बरोबर. धार ग्राइंडरवर लावताना कड निळी-काळी पडू देऊ नये, तिथला ताव उतरतो.

हार्वेस्टर आल्यावर हा प्रश्न राहणार नाही असे काहींना वाटते. हार्वेस्टरलाही खाली फिरत्या तबकड्यांवर पातीच असतात. रानात गोटे असले की ऑपरेटर तबकड्या वर उचलतो आणि बुडखा पुन्हा उभा राहतो.

"टोळीचा कोयता टोळीने पाहावा" असे म्हणणारे सभासद आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. बुडखा आपल्या रानात राहतो, टवका उडाला तर मजुराच्या डोळ्यात जातो. माझी सूचना अशी, की हंगामापूर्वी वर्कशॉपच्या देखरेखीखाली चांगल्या पाट्याचे, तेलात पाणी दिलेले व नीट ताव उतरवलेले कोयते करून घ्यावेत आणि टोळ्यांना लागत किमतीत द्यावेत. संचालक मंडळाने व सभासदांनी याचा विचार करावा. तोवर एक काम सर्वांना करता येईल. आपल्या फडात तुटलेला कोयता सापडला तर बांधावर फेकू नका, गट ऑफिसात आणून द्या. मोड पाहिली की लोहाराचा ताव चुकला होता की पाटाच जुना होता, ते पुष्कळदा सांगता येते.