शिवनेरीची माकुडी दहिसरच्या खिडकीत

शिंदळ माकुडी ही मांसल वनस्पती जगात फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीत उगवते, शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या उभ्या कड्यांवर. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव देऊन ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटले. पावसाळ्यात तिला पाने येतात, पाठोपाठ पिवळ्या ठिपक्यांची किरमिजी, पाच पाकळ्यांची चांदणीसारखी फुले. उन्हाळ्यात पाने गळतात आणि उरतात ती पाणी साठवलेली जाड खोडे. दहिसरच्या दमट हवेत ती जगवायची तर कड्याची सवय ओळखावी लागते. उथळ कुंडीत मुरूम, विटांचा चुरा, जाड वाळू आणि थोडेच शेणखत घाला. कुंडी छज्ज्याखाली ठेवा. थेट कोसळणाऱ्या पावसात मुळे कुजतात. वाढीच्या दिवसांत माती सुकल्यावरच पाणी द्या आणि पाने गळाली की हात आखडता घ्या. फांदीचा तुकडा काही दिवस सावलीत सुकवून लावला की रुजतो. म्हणूनच कळकळीची विनंती: गडावरून तिची काडीही तोडू नका. लागवडीतून वाढवलेले रोपच घ्या आणि त्याच्या फांद्या शेजाऱ्यांना वाटा.