‘फतेह’ हे नाव रॉकेटच्या कितीतरी आधीचे आहे

मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात ‘फतह’ हे नाव घरोघरी पोचले. ५ मे रोजी पाकिस्तानने ‘फतह’ मालिकेतील १२० किलोमीटर पल्ल्याच्या अस्त्राची चाचणी केली. १० मे रोजी ‘फतह-१’ आणि ‘फतह-२’ भारतावर डागल्याचे त्यांच्याच लष्कराने सांगितले. त्याच दिवशी शस्त्रसंधी झाली, टीव्हीवरचा गोंगाटही हळूहळू ओसरला. प्रश्न उरला तो आपल्या मुलांच्या नावांचा. फतेह अली, फतेह मोहम्मद ही नावे आपल्या समाजात जुनीच आहेत. अशा मुलाला वर्गात कुणी ‘रॉकेट’ म्हणून हाक मारली आणि त्याने घरी येऊन विचारले, “अब्बा, माझं नाव असं का ठेवलं?” तर त्याला काय सांगायचे?

आम्हाला वाटते, आधी अर्थ सांगावा. ‘फतह’ म्हणजे विजय, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण या अरबी शब्दाचा मूळ अर्थ आहे उघडणे. ‘मिफ्ताह’ म्हणजे किल्ली, ती याच धातूतली. कुरआनची पहिली सूरह ‘अल-फातिहा’, म्हणजे आरंभ करणारी, तीही याच धातूतली. आणि ४८वी सूरह तर ‘अल-फतह’ याच नावाची आहे. ती उतरली हिजरी सन ६ मध्ये, हुदैबियाच्या तहानंतर. प्रेषित मुहम्मद (स.) उमराहसाठी निघाले होते, मक्केच्या कुरैशांनी वाट अडवली. दहा वर्षे लढाई करायची नाही असा करार झाला आणि त्या वर्षी उमराह न करताच सगळे परत फिरले. सोबतच्या कित्येकांना ही माघार वाटली. त्याच तहाला कुरआनने उघड विजय म्हटले. रक्त न सांडता झालेला समझोता, त्याचे नाव ‘फतह’! अस्त्राला हे नाव देणाऱ्यांनी शब्दाचा एक कोपरा तेवढा घेतला.

हा शब्द परका आहे असे म्हणणाऱ्यांनी आपली मराठी जरा ऐकावी. ‘मोहीम फत्ते’ हे दोन शब्द शिवकालाच्या गोष्टींत येतात, तसेच आजच्या मथळ्यांतही. शिवरायांच्या शाहिस्तेखानावरील छाप्यावर २०१९ मध्ये आलेल्या मराठी चित्रपटाचे नावच ‘फत्तेशिकस्त’ होते. छत्रपती शाहू महाराजांनी ज्या मुलाला आपल्या घरात वाढवले त्याचे नाव फत्तेसिंह; अक्कलकोट संस्थानाचे ते मूळ पुरुष. गुरु गोबिंदसिंगांच्या धाकट्या पुत्राचे नाव फतेहसिंग. त्यांच्या आणि बंधू जोरावरसिंग यांच्या स्मरणार्थ केंद्र सरकार २०२२ पासून दर २६ डिसेंबरला ‘वीर बाल दिवस’ पाळते.

आणि शेख फत्तेलाल यांना कसे विसरायचे? १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक. दामले-फत्तेलाल या जोडीने १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांना पडद्यावर आणणाऱ्या एका मराठी मुसलमानाच्या नावातच ‘फत्ते’ आहे. हे किती मुलांना माहीत आहे?

आता रॉकेटचाच विषय निघाला आहे तर आपल्या पवईकडे बघू. चांद्रयान-३ ज्या रॉकेटने गेले, त्याच्या बूस्टरचे काही मोठे भाग इथल्या लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात तयार झाले. २३ ऑगस्ट २०२३ ला यान चंद्रावर उतरले. अशा वेळी मराठी माणसाच्या तोंडी सहज कोणता शब्द येतो? फत्ते! म्हणजे पवईतून गेलेल्या रॉकेटच्या यशाला जो शब्द चालतो, तोच शब्द पवईतल्या मुलाच्या दाखल्यावर असला की संशयाचा होतो. हे कुठले गणित?

भारताच्या क्षेपणास्त्रांचीही नावे आहेत: पृथ्वी, अग्नी, आकाश. मे २०२५ मध्ये ‘आकाश’ने हवाई संरक्षणात काम केले. वर्गातल्या आकाशला त्याबद्दल कुणी जाब विचारला नाही, विचारूही नये. मग फतेहलाच का? एका मुलाचे नाव फक्त नाव आणि दुसऱ्याचे नाव पुरावा, असा भेद शाळेच्या हजेरीपटात चालत नाही.

आमच्या शिक्षक बंधू-भगिनींना विनंती आहे. ‘रॉकेट’ ही हाक ऐकली की गंमत म्हणून सोडू नका, तिथेच थांबवा, आणि पाच मिनिटे काढून ‘फत्ते’ हा शब्द मराठीत कुठून आला ते सांगा. मराठीचा तासही होईल, इतिहासाचाही. पालकांनाही सांगणे आहे की घाबरून दाखल्यावरचे नाव बदलायला धावू नका, आणि ‘बाहेर दुसरं नाव सांग’ असेही मुलाला शिकवू नका. नाव लपवायला शिकलेले मूल पुढे स्वतःलाच लपवू लागते. त्याला हुदैबिया सांगा, फत्तेलाल सांगा. मग कुणी नाव विचारले की तो पूर्ण नाव सांगेल, मोठ्याने.