घड्याळ गप्प आहे, म्हणून रक्तदाब ठीक?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपलच्या मनगटी घड्याळातील एका नव्या सोयीला परवानगी दिली. हे घड्याळ रक्तदाब मोजत नाही, त्याचा आकडाही सांगत नाही. त्याच्या मागचा प्रकाश-संवेदक प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातल्या रक्तवाहिन्यांत उठणारी लाट टिपतो. तीस दिवसांच्या लाटांचा आकार तपासून 'तुम्हाला उच्च रक्तदाब असण्याची शक्यता आहे' एवढीच सूचना देतो. पुढे सात दिवस दंडाला पट्टा बांधून मोजा आणि डॉक्टरांना दाखवा, असे कंपनीच सांगते.

कल्पना चांगली आहे. उच्च रक्तदाब दुखत नाही, म्हणून कोणी मोजायला जात नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुषांत आणि सुमारे २१ टक्के स्त्रियांत तो वाढलेला आढळला किंवा त्यासाठी औषध चालू होते. यातल्या अनेकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसते.

पण चाचणीतले आकडे नीट वाचायला हवेत. उच्च रक्तदाब असलेल्या शंभरपैकी साधारण ४१ जणांनाच घड्याळाने सूचना दिली. रक्तदाब ठीक असलेल्या शंभरपैकी सुमारे ९२ जणांच्या बाबतीत ते योग्य रीतीने गप्प राहिले. आता हिशेब करा. समजा, घड्याळ घालणाऱ्या १०० जणांपैकी २० जणांना नकळत उच्च रक्तदाब आहे. त्यातल्या आठ जणांना सूचना मिळेल, बारा जणांना मिळणार नाही. उरलेल्या ८० पैकी सहा जणांना विनाकारण मिळेल. विनाकारण सूचनेने फार बिघडत नाही, माणूस मोजून घेतो. ज्या बारा जणांना 'काही नाही' असे वाटत राहते, त्यांची काळजी जास्त.

दंडाच्या पट्ट्याला पर्याय अजून नाही. रीव्हा-रोची या इटालियन डॉक्टरांनी तो १८९६ मध्ये आणला आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा ठरवण्याची रीत दिली. मात्र पट्टाही चुकीचा आकडा देतो, आणि त्यात दोष बहुधा यंत्राचा नसतो. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या अभ्यासात हात टेबलावर न ठेवता मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने, आणि बाजूला लोंबता सोडला तर साडेसहाने जास्त आला. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा हात धरून, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो. पाच मिनिटे शांत बसवायला तिथे बाक रिकामे नसते, हेही खरे.

आकडा बरोबर आला तरी एकट्याने तो धोका सांगत नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासाने हे दाखवले. पन्नाशीनंतर धमन्या ताठ होतात. वरचा आकडा चढतो, खालचा उतरू लागतो. दोन्हींतल्या फरकाला पल्स प्रेशर म्हणतात. पासष्टीच्या एकाचा रक्तदाब १६०/१०० आणि दुसऱ्याचा १६०/७० असेल, तर 'खालचा तर नॉर्मल आहे' म्हणून दुसऱ्याने निश्चिंत होऊ नये. या वयात वरचा आकडा सारखा असताना खालचा जितका कमी, तितका हृदयविकाराचा धोका जास्त, असे फ्रेमिंगहॅमच्या नोंदींत दिसले. नाडीकडेही लक्ष हवे. ती वेगवान आहे की मंद, यापेक्षा अनियमित आहे का, हे पाहणे महत्त्वाचे. ठोक्यांचा ताल बिघडवणाऱ्या 'एट्रियल फिब्रिलेशन' या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. ताल चुकत असेल तर रक्तदाबाचे स्वयंचलित यंत्रही गोंधळते, त्यामुळे ईसीजी काढावा लागतो.

मग अंदाज बांधायचा कसा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या तक्त्यांपैकी एकाला रक्ततपासणीही लागत नाही. वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचा आकडा आणि उंची-वजनाचे प्रमाण एवढ्यावर दहा वर्षांतला धोका काढता येतो. १४२ हाच आकडा बेचाळीस वर्षांच्या, धूम्रपान न करणाऱ्या बाईच्या बाबतीत वेगळा आणि चौसष्ट वर्षांच्या बिडी ओढणाऱ्या गृहस्थांच्या बाबतीत कितीतरी पट गंभीर ठरतो. (तक्ता धूम्रपान विचारतो; तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा त्यात येत नाहीत. महाराष्ट्रात डॉक्टरांनी ते वेगळे विचारावे.)

यासाठी महागडे घड्याळ लागत नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासण्याची योजना आहे आणि नियंत्रणासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. तिथे मोजून घेताना हात टेबलावर ठेवा, दोन्ही आकडे आणि नाडीची संख्या तारखेसह लिहून मागा. पहिल्या खेपेला दोन्ही हातांचा रक्तदाब पाहायला सांगा. ज्या हाताचा जास्त येईल, त्याच हाताचा पुढे मोजत राहावा.