‘माझ्याकडे तर चालतंय!’

वेबसाईट बनवणाऱ्या मंडळींचं हे लाडकं वाक्य. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते खरंही असतं! विंडोजवरचं मायएसक्यूएल टेबलच्या नावातली इंग्रजी लहान-मोठी अक्षरं एकच मानतं, लिनक्सवरचं मानत नाही. त्यामुळे घरी मुकाट चालणारा प्रोग्राम लिनक्स सर्व्हरवर गेला की ‘असं टेबलच नाही’ म्हणून हात वर करतो.

२००२ साली झॅम्प आलं. अपाची, मायएसक्यूएल, पीएचपी एकदमच बसवता येऊ लागलं. उपकार मोठेच, पण घर आणि सर्व्हर यांतला फरक तसाच राहिला. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि सर्व्हरसारखीच मांडणी घरी करणं सोपं झालं.

तरीही अनेक ठिकाणी नव्या मुलाला नुसता कोड देतात आणि म्हणतात, ‘घे चालवून.’ बिचारा दोन दिवस झटतो आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ असं ठरवून मोकळा होतो. दोष त्याच्या डोक्यात नसतो हो, मांडणीत असतो!

मला विचाराल तर ही मांडणी फाईलमध्ये लिहून कोडसोबतच ठेवावी. नव्या माणसाचा पहिला दिवस कसा जातो, यावरून मी टीमची पारख करतो. तुम्ही?