नळीला लावावयाचे काय?

सुश्रुतसंहितेत निरुद्धप्रकश नामक व्याधीचे निरूपण करताना, संकोच पावलेल्या द्वारातून लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दुतोंडी नळी तूप माखून आत घालावी आणि तीन-तीन दिवसांनी अधिक जाड नळी योजीत जावे, असा उपचार सांगितला आहे. आणि तो वाचताना आम्हांस नेहमी विशेष वाटते ते हे की, नळी कशाची असावी आणि तिला काय माखावे, या दोन प्रश्नांचा निर्णय त्या प्राचीन शस्त्रवैद्याने एकाच ठिकाणी देऊन टाकला आहे. लोखंडाला तुपाची बाधा होत नाही, लाकडाला नाही, लाखेलाही नाही. आपल्या हातातील फोली कॅथेटर मात्र बहुधा रबराच्या चिकापासून केलेला असतो, आणि रबराला तूप, खोबरेल, लिक्विड पॅराफिन आणि व्हॅसलिन यांचे वावडे आहे.

हे वावडे डोळ्यांना तत्काळ दिसत नाही, म्हणूनच त्याची उपेक्षा होते. फ्रेडरिक फोली या अमेरिकन शल्यविशारदाने 1930 च्या दशकात नळीच्या टोकाशी फुगा बसवून तिला मूत्राशयात स्थिर ठेवण्याची जी युक्ती योजिली, तिचा सारा भरवसा रबराच्या एका अतिशय पातळ पापुद्र्यावर आहे; तेलकट द्रव्य त्या पापुद्र्यात शिरले की तो फुगतो, सैल पडतो, त्याची ताकद जाते, आणि मग कधी नळी आपोआप गळून येते, तर कधी फुगा आतच फुटून त्याची चिंधी मूत्राशयात राहते. उमेदवारीच्या दिवसांत एका दवाखान्यात जेलीची ट्यूब संपली असता ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरचे व्हॅसलिन बोटावर घेऊन नळी घातलेली आम्ही स्वतः पाहिली, आणि त्या वृद्ध रुग्णाच्या मूत्राशयातून रबराचे तुकडे दुर्बिणीने काढावे लागले तेही पाहिले. त्या सिस्टरचा हेतू निर्मळ होता. तिला ही गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. मूत्रद्वाराभोवती लावण्यास दिलेले मलमही पुष्कळदा व्हॅसलिनच्याच पायावर बनविलेले असते, हे मलम लिहून देणाऱ्यानेही ध्यानात ठेवावयास हवे.

तेव्हा स्निग्धद्रव्य पाण्यात विरघळणारे असावे, निर्जंतुक असावे, आणि एका रुग्णापुरते एक असे असावे. पहिल्या दोन अटी बहुतेकांना मान्य असतात. कुचराई होते ती तिसरीत. वॉर्डातील 30 ग्रॅमची ट्यूब सकाळी उघडली जाते, तिचे तोंड हातमोज्याला, गॉजला, क्वचित नळीलाही लागते, आणि तीच ट्यूब संध्याकाळपर्यंत खाटेखाटेवरून फिरते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी 2009 च्या मार्गदर्शिकेत एकदाच वापरण्याच्या जेलीच्या पाकिटाची शिफारस केली आहे, ती याच भयाने. जंतुनाशक मिसळलेली जेली सरसकट वापरण्याचे मात्र कारण नाही, असेही तेथेच म्हटले आहे. सोनोग्राफीची जेली पाण्यात विरघळते म्हणून ती चालेल, अशी समजूत कोठे असल्यास तीही सोडावी: 2021 साली अमेरिकेत अशाच जेलीतून बर्कहोल्डेरिया जातीच्या जंतूंचा संसर्ग अनेक रुग्णालयांत पसरला आणि तो माल बाजारातून परत घ्यावा लागला.

लिग्नोकेनच्या 2 टक्के जेलीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे 18 ते 20 सेंटिमीटर लांब. नळीच्या टोकाला बोटभर जेली पुसून ती आत सारली, तर पहिल्या वळणापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ती द्वारापाशी निघून जाते आणि पुढचा सारा मार्ग कोरडाच राहतो. जेली मूत्रमार्गातच भरावयाची असते, 10 ते 15 मिलिलिटर, सावकाश; आणि त्यानंतर निदान तीन ते पाच मिनिटे थांबावयाचे असते. ही पाच मिनिटे गर्दीच्या ओपीडीत कोणालाही परवडत नाहीत, आणि रुग्ण मात्र त्यांची किंमत पुढे कित्येक वर्षे मूत्रमार्गाच्या आकुंचनाच्या रूपाने देत राहतो. 10 मिलिलिटरमध्ये 200 मिलिग्रॅम औषध असते, आणि मार्ग सोलवटलेला किंवा रक्ताळलेला असेल तर ते अधिक वेगाने रक्तात उतरते, याचे भान राखून मात्रा ठरवावी. जेलीत क्लोरहेक्सिडिन असल्यास पूर्वी कधी त्याची ॲलर्जी आली होती काय, हे विचारल्यावाचून ती वापरू नये. जीवावर बेतणाऱ्या प्रतिक्रियांविषयी ब्रिटनच्या औषध-नियामक संस्थेने 2012 सालीच इशारा दिला आहे.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न दवाखान्याच्या फाटकापाशी संपत नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1974 पासून या भागाचा भार वाहत आले आहे. परंतु तेथून नळीसह घरी गेलेला पुरःस्थ ग्रंथीचा म्हातारा धारूरच्या डोंगरातल्या किंवा पाटोद्याकडच्या एखाद्या वस्तीवर जाऊन पडतो, आणि दिवाळीच्या सुमारास मुले-सुना कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला निघून गेली म्हणजे नळी बदलण्याचा जिम्मा गावातल्या परिचारिकेवर किंवा शेजाऱ्यावर येतो. अशा घरी खोबरेलाची बाटली सर्वांच्या हाताशी असते. जे स्वतःच दिवसातून चार-सहा वेळा नळी घालून लघवी काढतात, त्यांना निर्जंतुक थाटाची आवश्यकता नसते, स्वच्छ हात आणि स्वच्छ नळी पुरते, हे जॅक लॅपिडीस यांनी 1972 मध्ये दाखवून दिले. पण स्निग्धद्रव्याची सवलत त्यात नाही, तेथेही पाण्यात विरघळणारी जेलीच हवी.

म्हणून आमची तजवीज अशी आहे की, भांडाराच्या मागणीपत्रात कॅथेटर आणि जेलीची पाकिटे यांची नोंद एकाच ओळीत, सारख्याच संख्येने व्हावी, म्हणजे एक संपून दुसरे शिल्लक राहण्याचा प्रसंगच येणार नाही. आणि सुट्टीच्या कार्डावर नळी रबराची की सिलिकॉनची, फुग्यात किती पाणी भरले, कोणत्या तारखेस बदलावयाची, आणि तिला तेल, तूप, व्हॅसलिन लावू नये, एवढा तपशील मराठीत, ठळक अक्षरांत लिहून पुढच्या बदलापुरती पाकिटे सोबत द्यावीत. तोडणीच्या टोळ्या निघण्यापूर्वी ही कार्डे घराघरांत पोहोचावीत.